गाडी हाय का माडी?

मैत्रिणींनो, गॅसची बचत कशी करावी, डाळ आधी भिजत घातली तर किती लवकर शिजते, कुकरची शिटी किती वेळा होऊ द्यावी, हे सगळं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. पाव किलो तेल चार दिवस जास्त पुरलं तर आपल्याला केवढा आनंद होतो! पण दारात उभी असलेली गाडी महिन्याला किती पिते, हे आपल्यापैकी कितीजणी बघतात? “तो ह्यांचा विषय” म्हणून आपण सोडून देतो. मीही सोडून दिला होता. पुढे असा प्रसंग आला की दुधाच्या हिशेबाच्या वहीत मला डिझेलचं पान उघडावं लागलं. त्या पानाची ही हकिगत.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात. कापूस, तूर, सोयाबीन असं आमचं शेत. मी बी. ए. झालेली, शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, बाकी वेळ घर. शेताकडे जायला पांदण. पावसाळ्यात ती पांदण म्हणजे काळ्या मातीचा लगदा! बैलगाडीसुद्धा रुतते. म्हणून ह्यांनी आणि भाऊजींनी मिळून तीन वर्षांपूर्वी जुनी थार घेतली, चारही चाकांना जोर लावता येणारी. पहिल्या वर्षी कुणाची काही तक्रार नव्हती. ह्यांना सवय होती म्हणून त्यांनी तेव्हा एकदोनदा हिशेब काढून ठेवला होता: लिटरला साडेबारा किलोमीटर.

कापसाचे पैसे चाकांत

दुसऱ्या वर्षी कापसाला बरे पैसे आले आणि भाऊजींच्या डोक्यात गाडी “तयार” करून घेण्याचं वेड शिरलं. आमचे भाऊजी तसे कष्टाळू, निर्व्यसनी. एवढा एकच नाद. आठ दिवस गाडी एका गॅरेजमध्ये होती. परत आली तेव्हा मी ओळखलंच नाही! जाड नक्षीचे, चिखलात चालणारे रुंद टायर, स्प्रिंगांखाली दोन इंचांचे ठोकळे घालून उचललेली बॉडी, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर दोर ओढायचं यंत्र, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर चार मोठे दिवे, मागे आणखी एक टायर, फावडं, जॅक. गावातली पोरं गाडीभोवती गोळा झाली.

सासूबाई ओसरीवरून उठून आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “काय वं, हे गाडी हाय का माडी? मले त शिडीच लागन!”

आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसण्यावारी गेलं.

पुढच्या आषाढात सासूबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निघालं. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस सुरू झालं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. एकेकाळी दारव्ह्याहून यवतमाळला आमची शकुंतला होती, छोट्या रुळांची, हळू पण गरिबाची. ती आता धावत नाही. एस. टी. आहे, पण चार तास सुई लावून पडलेल्या बाईला परत येताना एस. टी.च्या गर्दीत उभं कसं करायचं? तेव्हा गाडी काढणं आलंच. आठवड्याला दोनशे किलोमीटर यवतमाळचे, शिवाय शेत, बाजार, माझी शाळा, असे महिन्याला सगळे मिळून बाराशे किलोमीटर होऊ लागले.

आणि मग पंपावरचं बिल दिसू लागलं.

मीटर खोटं बोलत होतं

एका रात्री हे कपाळाला हात लावून बसले. टाकी भरल्यापासून परत भरेपर्यंत मीटरवर ३६६ किलोमीटर झाले होते आणि डिझेल गेलं होतं ४० लिटर. म्हणजे लिटरला सव्वानऊसुद्धा नाही! साडेबाराचे एकदम नऊ. मिस्त्रीनं सांगितलं, “पंप आणि इंजेक्टर खोलून बघावे लागतील.” खर्चाचा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याच महिन्यात मुलीची फी भरायची होती.

मी म्हटलं, “अहो, खोलायच्या आधी एक गोष्ट मला सांगा. गाडी किती चालली हे मीटरला कळतं कसं?”

हे म्हणाले, “चाकाचे फेरे मोजून.”

“आणि चाकच मोठं झालं असेल तर?”

सातवीच्या मुलांना मी वर्तुळाचा परीघ शिकवते. मोठ्या चाकाचा एक फेरा म्हणजे जास्त अंतर. मीटरला बिचाऱ्याला काय ठाऊक की चाकं बदलली? ते जुन्याच चाकाच्या हिशेबानं मोजत राहतं. म्हणजे गाडी प्रत्यक्षात जास्त चालते आणि मीटर कमी दाखवतं.

टायरच्या कडेला आकडे लिहिलेले असतात, ते वाचायला शिकून घ्या, अवघड नाही. आमचे मूळचे टायर होते २३५/७० आर १६. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती. तिसरा म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. २३५ चे सत्तर टक्के १६४.५. वरची-खालची भिंत मिळून ३२९. रिमचे १६ इंच म्हणजे ४०६. बेरीज ७३५ मिलिमीटर. नवे टायर होते २६५/७५ आर १६. त्याच रीतीनं बेरीज ८०४ मिलिमीटर. शेकडा नऊनं मोठे!

कागदावरचं गणित ह्यांना पटलं, पण भाऊजींना नाही. मग आम्ही अंगणातच मोजलं. टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण केली, गाडी ढकलत नेऊन चाकाचे बरोबर दहा फेरे होऊ दिले, पुन्हा खूण केली आणि माझ्या शिवणाच्या टेपनं अंतर मोजलं. भरलं २४ मीटर ५० सेंटिमीटर. मग गोठ्यात पडलेले जुने टायर एका बाजूला चढवून तसंच मोजलं, तर २२ मीटर ४० सेंटिमीटर. फरक शेकडा नऊच्या किंचित वर. (वजनानं टायर खाली थोडा दबतो, म्हणून कागदापेक्षा दोन्ही मापं जराशी कमी येतात, पण प्रमाण तेच.) भाऊजी गप्प झाले.

आता ३६६ ला नऊ टक्के मिळवा. गाडी खरी चालली होती ४०० किलोमीटर. म्हणजे लिटरला दहा, नऊ नव्हे. पंप आणि इंजेक्टर खोलायचं तूर्त राहिलं. साडेबाराचे दहा कसे झाले, एवढंच शोधायचं उरलं.

ह्यातच आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि अंगावर काटा आला. किलोमीटर जसे कमी मोजले जातात तसा वेगही कमी दिसतो! काटा ८० दाखवत असेल तेव्हा गाडी ८७ नं धावत असते. आजारी माणसाला घेऊन आपण सावकाश चाललो आहोत असं ह्यांना वाटायचं, आणि गाडी त्याहून जोरात. इंजिनचं ऑइल बदलायचे किलोमीटरही असेच उशिरा भरतात. टेप नसेल तर महामार्गावरचे किलोमीटरचे दगड आहेतच. दहा दगड मोजा आणि मीटरशी ताडून बघा.

तीन महिन्यांचा पगार

त्या रात्री मी वहीत मांडलं. बाराशे किलोमीटरला लिटरला साडेबाराप्रमाणे ९६ लिटर. दहाप्रमाणे १२० लिटर. फरक २४ लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तर महिन्याला २,१६० आणि वर्षाला २५,९२० रुपये. मैत्रिणींनो, माझ्या तासिकांचे तीन महिन्यांचे पैसे होतात हे! म्हणजे वर्षातले तीन महिने मी खडू-फळा घेऊन उभी राहते ती त्या टायरांना पोसायला.

मी ते पान भाऊजींपुढे ठेवलं. भांडण केलं नाही. कापसाचे पैसे त्यांच्याही घामाचे होते. ते म्हणाले, “वहिनी, एकेक करून बघू. पण टायर नका काढायला लावू.” मी म्हटलं, “टायर शेवटी. आधी बाकीचं बघू.”

एकेक करणंच बरोबर. सगळं एकदम बदललं तर कशानं किती फरक पडला ते कळत नाही, भाजीत मीठ आणि तिखट एकदम वाढवल्यासारखं होतं. प्रत्येक बदलानंतर दोन टाक्या त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांनिशी चालवायच्या, पंपावर नेहमी तसंच काठोकाठ भरायचं, आणि मीटरच्या आकड्यात नऊ टक्के मिळवून लिहायचं, असं ठरलं.

पहिली पायरी: हवा. चिखलात पकड यावी म्हणून भाऊजींनी टायरमधली हवा २२ वर आणून ठेवली होती. चिखलासाठी ते ठीक. मऊ टायर पसरतो, रुतत नाही. पण डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा परत भरायला हवी, ती कुणी भरलीच नाही. कमी हवेचा टायर रस्त्याला चिकटून मळलेल्या कणकेसारखा दबत-उठत चालतो आणि त्या दबण्या-उठण्यात तेल जातं, टायरही तापतो. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याचा हिशेब आहे की चारही टायरांतली हवा सरासरी एका अंशानं कमी झाली की इंधनात शेकडा ०.२ चा तोटा होतो. दिसायला क्षुल्लक, पण दहा अंश कमी असेल तर दोन टक्के झाले. आम्ही हवा वाढवून ३२ केली. लिटरला १० चे १०.३ झाले. खर्च शून्य! मूळच्या टायरांची योग्य हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते, ती बघावी.

दुसरी पायरी: टपावरचा संसार. कॅरिअर आणि दिवे उतरवले. वारा हा फुकटचा वैरी आहे. गाडी वाढत्या वेगानं जाते तसा वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी साठचे ऐंशी केले की विरोध पावणेदोनपट होतो. थारसारखी गाडी आधीच पेटीसारखी चौकोनी, त्यावर हे दिव्यांचं तोरण. त्याच अमेरिकन खात्याचे आकडे सांगतात की टपावर मोठी पेटी असली तर जलद महामार्गावर इंधनाचा तोटा शेकडा १० ते २५ पर्यंत जातो. आमची गाडी एवढी जोरात धावत नाही, तरी १०.३ चे १०.८ झाले. शिवाय वाऱ्याची शिट्टी बंद झाली. सासूबाईंना परतीच्या वाटेवर झोप लागू लागली, हा फायदा वहीत मांडता येत नाही.

तिसरी पायरी: वजन. कापूस घालायला जिनिंगवर गेलो तेव्हा गाडीही धर्मकाट्यावर चढवली. बंपर, यंत्र, दुसरा टायर, जॅक, फावडं काढून पुन्हा चढवली. फरक १८० किलो! म्हणजे तीन धडधाकट माणसं रोज फुकट यवतमाळला जाऊन येत होती. सर्वसाधारण मोटारीला ४५ किलोमागे शेकडा एक इंधन जास्त लागतं, असा ठोकताळा आहे. आमचे १०.८ चे ११.२ झाले.

लोखंडी बंपरची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. असे क्रॅशगार्ड लावू नयेत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का सोसतो, अशी त्याची रचना असते. पुढे लोखंड आलं की तो धक्का आतल्या माणसांना बसतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला तर फारच लागतं. हे वाचल्यावर बंपर परत चढला नाही.

चौथी पायरी नव्हती, पण आली

आता राहिले होते टायर आणि स्प्रिंगांखालचे ठोकळे. भाऊजी म्हणाले, “वहिनी, आता ११ च्या वर आली ना गाडी? बस झालं.” मीही तो विषय सोडला. सणासुदीचे दिवस होते.

तुम्ही म्हणाल, टायरांनी उंची अशी किती वाढणार? टायर ६९ मिलिमीटरनं मोठा झाला तर गाडी त्याच्या निम्म्यानं वर जाते, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. ठोकळे दोन इंच, म्हणजे पाच. सगळं मिळून साडेआठ सेंटिमीटर, चार बोटं! तरण्या माणसाला ती चार बोटं कळतही नाहीत. सासूबाईंसाठी आम्ही गाडीत एक लाकडी स्टूल ठेवलं होतं. जाताना त्या ताज्यातवान्या असायच्या, स्टुलावर पाय देऊन चढायच्या. परत येताना अंगात त्राण नसायचं.

एका गुरुवारी डायलिसिसनंतर चढताना स्टूल सरकलं. तोल गेला आणि त्यांनी दाराचा दांडा पकडला तो नेमका डाव्या हातानं. डायलिसिसच्या रोग्याच्या ज्या हातात शस्त्रक्रिया करून शीर जोडलेली असते, त्या हातावर भार द्यायचा नसतो, जड उचलायचं नसतं, त्या हाताचा रक्तदाबही घेत नाहीत. तो हात म्हणजे त्यांचा जीव. अंगाचं सगळं वजन त्या हातावर आलं. घरी येईपर्यंत हात सुजला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यवतमाळ. डॉक्टरांनी शिरेवर बोटं ठेवून बघितलं, नळी लावून ऐकलं. शीर शाबूत होती. आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पण ते जे बोलले ते ऐकायला भाऊजी तिथंच उभे होते: “ही शीर बंद पडली असती तर पुढच्या वेळी मानेत नळी घालावी लागली असती. आजीबाईंना चढता येईल अशी गाडी आणा.”

सासूबाई मात्र लेकाची बाजू घेत होत्या. “जाऊ दे न बापू. मी यष्टीनं जातो. तुह्या गाडीले काहून बोल लावतं?”

घरी आल्यावर भाऊजी चहासुद्धा न घेता पाना घेऊन अंगणात बसले. अंधार पडला तेव्हा चारही जुने टायर चढलेले होते. दुसऱ्या दिवशी ठोकळे काढायला ते गाडी घेऊन गेले. मी एक शब्द बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

टायर का खातो?

दोन टाक्यांनंतर वहीत आकडा आला १२.४. आता मीटरही खरं बोलत होतं, नऊ टक्के मिळवायची गरज नव्हती. एकट्या टायरांनी आणि उंचीनं सव्वा किलोमीटर खाल्लं होतं. सगळ्यांत मोठा घास तोच!

कारण समजून घेण्यासारखं आहे. एक तर असे टायर जड असतात. जड जातं सुरू करताना किती जोर लागतो, हे आपल्या आज्यांना विचारा. गावातून जाताना दर गतिरोधकाला थांबायचं आणि पुन्हा तेवढं वजन फिरवायचं. दुसरं, चिखलाची जाड नक्षी डांबरावर दबते, वळवळते आणि गुणगुणते. तो आवाजही तेलातूनच येतो. तिसरं, मोठ्या चाकामुळे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे इंजिनाला लांब ढांगा टाकाव्या लागतात. सपाटीवर ठीक, पण चढावर किंवा भरलेल्या गाडीला ते जड जातं, मग पाचवा गिअर घालायचा तिथं चौथ्यावरच गाडी चालवावी लागते. चौथं, उंच गाडीला वाराही जास्त लागतो.

शेवटी चालवण्याची रीत. इथं आमच्या ह्यांचीही चूक सापडली! पांदणीतून बाहेर आल्यावर चारही चाकांचा लिव्हर परत दोन चाकांवर घ्यायचा ते विसरून जात. शाळेतली कवायत आठवा. रांग वळते तेव्हा बाहेरच्या मुलांना जास्त चालावं लागतं, आतल्यांना कमी. गाडी वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचंही असंच असतं, पुढची जास्त फिरतात. लिव्हर टाकल्यावर आमच्यासारख्या गाडीची पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. चिखलात ती घसरून आपलं जमवून घेतात, डांबरावर घसरता येत नाही म्हणून एकमेकांशी ओढाताण करतात. तेल जातं, टायर झिजतात, गिअरपेटीवर ताण येतो. म्हणून चार चाकांचा जोर फक्त चिखलात. शिवाय माझी शाळा सुटेपर्यंत पंखा लावून इंजिन चालू ठेवणं बंद केलं, आणि वेग पन्नास-पंचावन्नच्या आसपास ठेवला. तेल वाचवण्यासाठी १९७८ मध्ये सरकारनं स्थापन केलेली पेट्रोलियम संवर्धन संस्थाही ४५ ते ५५ चाच वेग सांगत आली आहे. आकडा गेला १३.१ वर. मूळच्यापेक्षाही जास्त! दहावरून तेरा म्हणजे महिन्याला २८ लिटर वाचले, अडीच हजार रुपये.

नाद आणि निकड

गाडीत फेरबदल करूच नयेत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे जीप आली तीच मुळी दुसऱ्या महायुद्धातून. महिंद्रांनी १९४७ नंतर विलिज जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या, आणि त्याच घराण्यातली थार २०१० मध्ये आली, नव्या रूपात २०२० मध्ये. नाशिकला तयार होते ती. १९७३ च्या तेलसंकटात जगात तेलाचे भाव वर्षाच्या आत चौपट झाले, तेव्हा पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेलचं इंजिन बसवून घेणारे पुष्कळ निघाले. त्या काळी लोक गाडी बदलत ती तेल वाचवायला! आजही पांढरकवड्याजवळ टिपेश्वरच्या अभयारण्यात उघड्या जिप्सी फिरतात, त्यांचं टप काढलेलं असतं ते लोकांना वाघ दिसावा म्हणून. कामासाठी केलेला बदल वेगळा. पण आमच्या गाडीला शेताचं काम वर्षातून तीनचार महिने, तेही आठवड्यातून दोनदा. त्याला चार चाकांचा जोर आणि जुने टायर पुरतात, हे यंदाच्या पावसाळ्यानं दाखवलं. फार चिखल झाला तर त्या दिवशी गाडी नेतच नाही, बैल आहेत.

कायद्याकडेही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडला, तर घराचं काय होईल, विचार करा.

वहीत काय लिहाल?

तुमच्याकडे जीप असो की साधी मोटार, एक पान करा. तारीख, मीटरचा आकडा, भरलेले लिटर, दिलेले पैसे. दर वेळी टाकी पूर्ण भरा, नाहीतर हिशेब लागत नाही. मधले किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवरून निर्णय करू नका, निदान दोन बघा. टायर बदलले असतील तर आधी दहा फेरे मोजा. आकडा अचानक घसरला तर मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी हवा, वजन आणि टप बघा. आमचे आकडे आमच्या एका गाडीचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण रीत हीच.

आणि घरात कुणी हौसेनं गाडी सजवली असेल तर त्यांच्याशी भांडू नका. वही पुढे ठेवा. आकड्यांना राग येत नाही.

परवा यवतमाळहून निघताना सासूबाई दाराशी आल्या. मी सवयीनं स्टूल शोधू लागले, तर त्या माझ्या खांद्यावर उजवा हात टेकून आत जाऊन बसल्यासुद्धा. “पाय, बसलो न मी! आता वाटते बापा गाडी.” पुढे बसलेले भाऊजी आरशात बघून हसले.

ते चार मोठे टायर गोठ्यामागे पडून आहेत. भाऊजी म्हणतात, गिऱ्हाईक बघतो आहे. मी अजून घाई केलेली नाही.